अंक पोचतो, पण वाचक बोलत नाही

वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत व्यक्त झाली आहे. कुणी परिसराचे त्रैमासिक काढतात, कुणी वाचनालयात वाचक मंडळ चालवतात, कुणी वर्षाला एकच दिवाळी अंक काढतात. आणि सर्वांची तक्रार अशी की, आपल्या बाजूने सगळे वेळेवर होते, समोरून मात्र काहीच येत नाही. म्हणून या वेळचे सदर याच प्रश्नांसाठी राखले आहे. उत्तरे देणाऱ्याने गिरगावातल्या चाळीत १० बाय १२च्या खोलीत बसून १९ वर्षे एक लहानसे त्रैमासिक काढले आणि पुढे ते बंदही केले. त्यामुळे खालील उत्तरांत जितका अनुभव आहे, तितक्याच चुकाही आहेत.

प्रश्न : आम्ही मुलुंडमधील चार मैत्रिणी दोन वर्षांपासून एक मराठी त्रैमासिक काढतो. प्रत्येक अंकाच्या ४०० प्रती छापून आसपासच्या सोसायट्यांमध्ये विनामूल्य देतो. शेवटच्या पानावर 'आपला अभिप्राय जरूर कळवा' असे ठळक अक्षरांत छापतो. आठ अंकांवर मिळून ११ पत्रे आली आणि त्यांतील सहा आमच्या नातेवाइकांची होती. आमचे कुठे चुकते?
(एक वाचिका, मुलुंड)

उत्तर : प्रथम ४०० हा आकडा बाजूला ठेवू या, कारण तो प्रतींचा आहे, वाचकांचा नाही. सोसायटीच्या जिन्याखालच्या टपालपेटीत पडलेला विनामूल्य अंक पिझ्झाच्या आणि शिकवणीवर्गांच्या जाहिरातींच्या सोबतीला पडतो आणि बहुतेक वेळा त्यांच्याबरोबरच रद्दीत जातो. आपल्याला पत्रे पाठवणारे जे पाच अनोळखी लोक आहेत, ते तूर्त आपले खरे वाचक समजा. या पाच जणांना आपण उत्तरे लिहिली का, हे आपल्या पत्रात नाही. लिहिली नसतील, तर आजच लिहा, आणि 'आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत' एवढीच पोचपावती पाठवू नका. त्यांनी ज्या लेखाबद्दल लिहिले, त्याच लेखाबद्दल दोन प्रश्न विचारा. माझ्या अनुभवात दुसरे पत्र हे पहिल्या पत्रापेक्षा फार मोलाचे असते, कारण पहिले पत्र माणूस अंकाला लिहितो आणि दुसरे माणसाला.

'अभिप्राय जरूर कळवा' या ओळीचे काय करावे? ती काढून टाकावी. एवढ्या मोघम विनंतीला उत्तर द्यायचे तर वाचकाला आधी स्वतःलाच समीक्षक मानावे लागते, आणि साध्या माणसाला तेवढा धीर होत नाही. आम्हीही पहिले पाच अंक हीच ओळ छापत होतो. सहाव्या अंकात कागद उरला होता म्हणून एका चौकटीत प्रश्न टाकला, 'तुमच्या चाळीत सार्वजनिक नळाला पाणी किती वाजता येत असे आणि पहिली बादली कुणाची लागत असे?' पुढच्या तीन आठवड्यांत पत्रांचा ढीग आला. काहींनी नळावरच्या भांडणांची तारीखवार हकिगत लिहिली, एकांनी चाळीचा नकाशा काढून पाठवला, आणि ज्यांनी त्याआधी आयुष्यात कधी वर्तमानपत्राला पत्र लिहिले नव्हते, अशा आजींनी नातवाकडून लिहवून घेतले. प्रश्न असा असावा की, त्याचे उत्तर फक्त वाचकाकडेच असेल, संपादकाकडे नसेल. मुलुंडला अशा प्रश्नांची काय कमतरता? पूर्वीच्या बंगल्या-वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहताना पाहिलेली पिढी अजून तिथेच राहते आहे.

मात्र पत्रे आल्यावर ती शेवटच्या पानावर, उरल्यासुरल्या जागेत, बारीक टाइपात घालू नका. आम्ही ती मुखपृष्ठ उलटताच आतल्या बाजूस छापू लागलो, तेव्हा लोक अंक तिथूनच वाचायला सुरुवात करू लागले. त्यापुढची पायरी अशी की, एखाद्या पत्रामुळे पुढच्या अंकात काही तरी बदलले, हे वाचकाला छापील दिसले पाहिजे. पत्रात चूक दाखवली असेल तर दुरुस्ती पत्रलेखकाच्या नावासह द्या. पत्रात एखाद्या विषयाची नुसती चाहूल असेल तर त्या माणसाला सांगा की, यावर चार पाने लिहा, शुद्धलेखन आम्ही पाहू.

मराठी नियतकालिकांच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण पत्रांनीच घडलेले आहे. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये मुंबईत 'प्रभाकर' साप्ताहिक सुरू केले. त्यात १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावाने एकामागून एक पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा २५ वर्षांचे होते आणि सरकारी नोकरीत होते. आज आपण ज्यांना 'शतपत्रे' म्हणतो ती ही पत्रे संख्येने १०८ आहेत. स्वतःच्याच समाजाला एवढे झोंबणारे लिहिणाऱ्याला एका संपादकाने आठवड्यामागून आठवडे जागा दिली, ही गोष्ट मला त्या पत्रांइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्या पाच पत्रलेखकांत लोकहितवादी असतीलच असे नाही, पण जागा दिल्याशिवाय ते कळणारही नाही.

शेवटची सूचना आपल्याला कदाचित आवडणार नाही. अंक विनामूल्य वाटणे थांबवा. प्रती १५० छापा, किंमत ठेवा आणि वार्षिक वर्गणी घ्या. ज्याने वर्गणी भरली, तो अंक उशिरा आला तर फोन करून विचारतो, आणि तो तक्रारीचा फोन हीच आपली वाट पाहत असलेल्या संवादाची सुरुवात असते.

प्रश्न : परळमधील आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी सायंकाळी साडेसहा वाजता वाचक मंडळाची बैठक असते. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, पुस्तक परिचय, अध्यक्षीय भाषण आणि आभारप्रदर्शन असा क्रम असतो. १५ ते २० जण येतात, ते सर्व साठीपुढचे आहेत. नव्या पिढीला वाचनाची गोडी राहिलेली नाही, असे आमच्या कार्यकारिणीचे मत झाले आहे. आपल्याला काय वाटते?
(एक कार्यवाह, परळ)

उत्तर : बुधवारी साडेसहाला आपला तरुण वाचक बांद्रा-कुर्ला संकुलाबाहेर बसच्या रांगेत उभा असतो किंवा चर्चगेटच्या फलाटावर जलद गाडीची वाट पाहत असतो. तो घरी पोचतो साडेआठला. त्याच्या वाचनाच्या गोडीबद्दल निष्कर्ष काढण्यापूर्वी एकदा बैठक रविवारी सकाळी दहाला घेऊन पाहा. वाचनालयापर्यंत येणे अवघड असेल तर स्थानकाच्या जवळ कुणाच्या घरी, एखाद्या शाळेच्या वर्गात, बागेत घ्या. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ मध्ये झाली, आणि पुढे शहर वाढत गेले तशा त्याच्या शाखा ठिकठिकाणी निघाल्या. वाचक जिथे राहायला गेला तिथे ग्रंथ नेले पाहिजेत, ही जाण आपल्या आधीच्या पिढ्यांना होती.

पण वेळ आणि जागा बदलूनही क्रम हाच ठेवला, तर येणारा तरुण दुसऱ्यांदा येणार नाही. आपल्या क्रमात श्रोत्याने करायचे असे काम एकच उरते, ते म्हणजे टाळ्या वाजवणे. (शाल आणि श्रीफळ यांचा उल्लेख आपण केलेला नाही; ते असल्यास तेही थांबवावेत, वाचनालयाचा पैसा पुस्तकांसाठी असतो.) खुर्च्या गोल मांडा. आलेल्या प्रत्येकाने सध्या जे वाचत असेल त्यातले एक पान मोठ्याने वाचावे आणि ते पान का निवडले हे दोन वाक्यांत सांगावे. पान कादंबरीचे असो, पाककृतीचे असो की शेअर बाजारावरच्या पुस्तकाचे, त्यावर नाक मुरडायचे नाही. आणि नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक छोटे काम द्या. पुढच्या बैठकीचा निरोप त्याने लिहावा, फळ्यावरची सूचना त्याने लिहावी, चहाचे पैसे त्याने गोळा करावेत. पाहुणा म्हणून आलेला माणूस पाहुणा म्हणूनच निघून जातो, पण ज्याच्याकडे चहाच्या पैशांचा हिशेब आहे, त्याला पुढच्या वेळी यावेच लागते.

आपले जे १५ ते २० ज्येष्ठ सभासद आहेत त्यांच्याकडे अडचण म्हणून पाहू नका, कारण परळमध्ये ते आपले सर्वांत मोठे भांडवल आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या दिवसांत आपल्या वाचनालयात कोण येत असे, काय वाचत असे, वर्गणी थकल्यावर पुस्तके देणे चालू राहिले की बंद झाले, हे सांगू शकणारी माणसे आपल्या बैठकीला आजही बसतात. गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या कुटुंबांना आपण कशावर राहतो याचे कुतूहल असते. एक बैठक या विषयाला द्या, निमंत्रण टॉवरच्या सूचनाफलकावर लावा, भाषणे ठेवू नका, ज्येष्ठांना प्रश्न विचारायचे काम तरुणांकडे द्या आणि जे सांगितले जाईल ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. ते लिहून झाले की, आपल्या वाचनालयाला स्वतःचे भित्तिपत्रक काढण्यापुरता मजकूर मिळालेला असेल.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकात इमारतींच्या पुनर्विकासावर एक लेख होता. त्यावर एका वाचकाने तीन पानांचे अत्यंत संतप्त पत्र पाठवले आहे. लेखक माझे जुने स्नेही आहेत. पत्र छापले तर ते दुखावतील आणि छापले नाही तर एक वाचक कायमचा तुटेल. कोणता मार्ग स्वीकारावा?
(एक संपादक, बोरिवली)

उत्तर : पत्र छापावे. तीन पाने लिहिण्याइतका राग येण्यासाठी लेख शेवटपर्यंत वाचावा लागतो, आणि असा वाचक मिळावा म्हणूनच आपण दरवर्षी दिवाळीपूर्वी मुद्रितशोधनात रात्री घालवता. 'सत्यकथा' मासिकाचा अंक १९६९ मध्ये काही तरुण लेखकांनी मुंबईत जाळला, हे आपल्याला आठवत असेल. त्या तरुणांनी आपली स्वतःची अनियतकालिके काढली होती आणि प्रस्थापित मासिकांवर त्यांचा रोष होता. पण 'सत्यकथा' काय छापते आणि काय नाकारते, याची त्यांच्याइतकी तपशीलवार माहिती फार थोड्या वर्गणीदारांना असेल. जो अंक कुणी वाचत नाही, तो जाळण्यासाठी विकत कोण आणील?

छापण्याची रीत मात्र काटेकोर हवी. पत्राचे आपण तीन भाग करा. लेखातील माहिती चूक आहे असे जिथे म्हटले आहे तो भाग पडताळून पाहा आणि चूक खरी असेल तर लेखकाची वाट न पाहता संपादकाच्या नावे दुरुस्ती द्या. लेखाच्या मताशी जिथे मतभेद आहे तो भाग जसाच्या तसा ठेवा, भाषा तिखट असली तरी. लेखकाच्या हेतूबद्दल किंवा कुणा पदाधिकाऱ्याने पैसे खाल्ले अशा प्रकारचे जे काही लिहिले असेल, तो भाग काढा. पुनर्विकासाच्या वादात असे वाक्य हमखास येते. कागदोपत्री पुरावा हाती नसताना ते छापले, तर अब्रुनुकसानीच्या दाव्यात पत्रलेखकाबरोबर संपादकही उभा राहतो. काटछाट केल्यावर पत्र परत पत्रलेखकाला दाखवा आणि त्याची संमती घ्या. हा एक टप्पा आम्ही एकदा गाळला. छापून आलेले पत्र आपले नव्हेच, असे त्या गृहस्थांनी वर्गणी परत मागताना लिहिले होते, आणि मूळ पत्र पुन्हा वाचल्यावर त्यांचे म्हणणे आम्हाला खोडून काढता आले नाही.

आपल्या स्नेह्यांना पत्र अंक छापण्यापूर्वी द्या. त्यांचे उत्तर त्याच अंकात, पत्राच्या लगत, पत्रापेक्षा मोठे होणार नाही अशा बेताने छापा. पुढच्या अंकात इतर वाचकांना बोलू द्या, आणि त्यानंतर 'या विषयावरील पत्रव्यवहार आता थांबवत आहोत' ही जुनी, परिचित ओळ टाकून वाद संपवा. दोनपेक्षा अधिक फेऱ्या झाल्या की वाद त्या दोघांचा खासगी होतो आणि बाकीचे वाचक पान उलटतात. स्नेही तरीही दुखावले, तर त्यांच्या घरी जाऊन या. संपादकपदाबरोबर अशा भेटी येतातच.

प्रश्न : वाचकांचा सहभाग वाढावा म्हणून निबंध स्पर्धा आणि रोख बक्षिसे ठेवावीत का?
(एक वाचक, भांडुप)

उत्तर : ठेवू नयेत, असे माझे मत आहे. बक्षिसासाठी लिहिणारे स्पर्धेपुरते येतात आणि निकालानंतर एक जिंकलेला व ५० रुसलेले असा हिशेब उरतो. अपवाद शब्दकोड्याचा. त्याला बक्षीस लागत नाही, आणि कोड्यात चूक निघाली की एरवी मौन पाळणारे वाचकही फोन उचलतात.

प्रश्न : घाटकोपरमध्ये आम्ही सहा जण मिळून एक द्वैमासिक काढतो आणि खर्च आपापसांत वाटून घेतो. वाचक पुष्कळ आहेत, पण पैसे मागायला संकोच वाटतो. वाचकांकडून पैसे घेतले तर त्यांचे आमच्याशी असलेले आपुलकीचे नाते बिघडेल का? तसेच, नोंदणी करावी लागते का?
(एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : नाते बिघडत नाही, पण पैसे कशासाठी हवेत हे न सांगता मागितले तर बिघडते. मराठीत याची चांगली परंपरा आहे. १९७५च्या सुमारास दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत 'ग्रंथाली' सुरू केली. तिने स्वतःला प्रकाशन संस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटले. वाचकांनी आगाऊ पैसे भरायचे आणि पुस्तके त्यांना स्वस्तात मिळायची, अशी ती योजना होती. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये 'ग्रंथाली'नेच काढले. ज्या पुस्तकांना तोवरच्या प्रकाशन व्यवहारात सहजी जागा नव्हती, ती अशा रीतीने आधीच जोडलेल्या वाचकांपर्यंत पोचली. आगाऊ पैसे भरणारा वाचक पुस्तक विकत घेत होताच. शिवाय आपल्यामुळे ते निघाले, असेही त्याला म्हणता येत होते.

आपल्या द्वैमासिकासाठी याचा अर्थ असा की, वर्गणीतून कागद, छपाई आणि टपाल एवढे तरी सुटले पाहिजे, आणि हे गणित वाचकांपुढे उघड ठेवले पाहिजे. वर्षातून एकदा अर्ध्या पानावर जमा-खर्च छापा. किती वर्गणीदार, किती थकले, छापखान्याचे किती, टपालाचे किती, तूट किती आणि ती कुणी भरली, सगळे आकड्यांनिशी. आम्ही पहिल्यांदा हिशेब छापला तेव्हा मनात धाकधूक होती, पण झाले ते उलटेच. एका स्टेशनरीच्या दुकानदाराने कागदाचे रीम पाठवले, निवृत्त झालेल्या एका टपाल कर्मचाऱ्याने पत्त्याच्या पट्ट्या चिकटवायला यायला सुरुवात केली आणि एका बाईंनी हिशेबातली बेरजेची चूक काढून दिली. पुढची दहा वर्षे आमचे हिशेब त्याच पाहत होत्या.

दिवाळी अंक काढणार असाल तर त्याचे अर्थकारण वेगळे ठेवा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला (मूळ आडनाव आजगावकर, 'मित्र' हे आपल्या बंगाली शिक्षकांवरून घेतलेले). तेव्हापासून जाहिरातदार आणि वाचक या दोघांनाही वर्षातून एकदा हात सैल सोडण्याची सवय लागलेली आहे, तिचा लाभ अवश्य घ्यावा. पण दिवाळीच्या जाहिरातींच्या भरवशावर वर्षाचे उरलेले पाच अंक आखू नयेत.

नोंदणीविषयी : १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा नियतकालिक नोंदणीविषयक कायदा आला असून तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. ठरावीक अंतराने छापून प्रसिद्ध होणारे आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असणारे प्रकाशन त्याच्या कक्षेत येते, आणि अर्ज ऑनलाइन करायचा असतो. आपल्या द्वैमासिकात पालिकेच्या कामांबद्दल टिपणे येत असतील, तर ते या व्याख्येत बसते, असे समजून नोंदणी करून घ्यावी. नाव आधीच कुणी घेतलेले असण्याची शक्यता असते, म्हणून अर्जापूर्वी तीन-चार नावे मनात ठेवा, आणि नवे नाव ठरवायचे झाले तर ते वर्गणीदारांनाच विचारा.

प्रश्न : आमच्या मासिकाच्या ६०० वाचकांचे फोन क्रमांक आणि पत्ते आमच्याकडे आहेत. परिसरातील एका इच्छुक उमेदवाराने ही यादी मागितली असून बदल्यात वर्षभराची जाहिरात देऊ केली आहे. द्यावी का?
(एक वाचक, दहिसर)

उत्तर : देऊ नये. वाचकांनी क्रमांक दिला तो अंक मिळावा म्हणून, प्रचाराचे संदेश मिळावेत म्हणून नव्हे. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे सूत्रही हेच आहे की, माहिती ज्या कारणासाठी संमतीने घेतली, त्याच कारणासाठी वापरावी. कायदा नसता तरी माझे उत्तर बदलले नसते. ज्या सकाळी आपल्या वाचकांना उमेदवाराचा पहिला संदेश येईल, त्या सकाळी क्रमांक कुठून गेला हे शोधायला त्यांना फार वेळ लागणार नाही. उमेदवाराची जाहिरात घ्यायला हरकत नाही, दर इतरांना लावता तोच लावा. त्याला वाचकांशी बोलायचेच असेल, तर त्याने पत्र लिहावे. शब्दमर्यादा २०० ठेवा आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनाही तेवढीच जागा द्या. आणखी एक, यादीची एकच प्रत ठेवा आणि ती कुणाच्या संगणकात आहे हे आपल्यापैकी किमान दोघांना ठाऊक असू द्या.

प्रश्न : विलेपार्ल्यात ११ वर्षे आम्ही एक त्रैमासिक चालवले. आता थकलो आहोत. वाचकांचे प्रेम आहे, पण पुढे चालवणारे कुणी मिळत नाही. बंद करणे म्हणजे वाचकांचा विश्वासघात होईल, या विचाराने झोप लागत नाही.
(एक संपादक दांपत्य, विलेपार्ले)

उत्तर : नियतकालिके बंद पडतात, त्यात अप्रतिष्ठा नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि १८४० मध्ये बंद झाले. ज्या 'सत्यकथे'चा वर उल्लेख केला, तीही १९८२ मध्ये थांबली. आपल्या ११ वर्षांना कमी लेखू नका.

तरी बंद करण्यापूर्वी एकदा वाचकांना स्पष्ट शब्दांत विचारा, कारण 'कुणी मिळत नाही' असे म्हणणाऱ्या बहुतेक संपादकांनी कुणाला विचारलेलेच नसते. मीही विचारले नव्हते. संपादक हवा आहे असे लिहिले तर लोक बिचकतात. त्याऐवजी कामांची यादी छापा. एकाने पत्रव्यवहार पाहायचा, एकाने मुद्रिते तपासायची, एकाने छापखान्यात जायचे, एकाने वर्गणीची वही ठेवायची. प्रत्येक कामाला महिन्याला किती तास लागतात तेही लिहा. चार माणसे मिळाली तर पहिले वर्ष त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांनी केलेले बदल आवडले नाहीत तरी गप्प राहा.

माणसे मिळाली नाहीत, तर गुपचूप थांबू नका. दोन अंक आधी जाहीर करा. शेवटचा अंक संपूर्णपणे वाचकांच्या मजकुराला द्या. ज्यांची वर्गणी पुढच्या काळाची जमा आहे, त्यांचे पैसे न मागता परत पाठवा, रक्कम ६० रुपये असली तरी. सर्व अंकांचे तीन संच करा. एक आपल्या घरी, एक परिसरातील वाचनालयाला आणि एक शहरातील एखाद्या मोठ्या ग्रंथसंग्रहालयाला द्या. वर्षवार बांधणी करून दिली तर ग्रंथपाल आनंदाने घेतात. बांधणीला देताना मात्र प्रत्येक अंकाची मुखपृष्ठे आत ठेवायची आहेत, असे बांधणीवाल्याला चिठ्ठीवर लिहून द्या. आमच्या संचाच्या वेळी ते सांगायचे राहून गेले. बांधणीवाल्याने रिवाजाप्रमाणे मुखपृष्ठे काढून टाकली आणि त्यांच्या आतल्या बाजूस छापलेली वाचकांची सगळी पत्रे त्यांच्याबरोबर गेली.